बॉयलरवाले साळवे काका

नऊ वर्षं मी एक सर्टिफिकेट रोज सकाळी फडक्याने पुसत होते आणि ते एकदाही वाचलं नव्हतं. कुणी टोकलं की मी सांगते, अहो, इंग्रजीत होतं, अक्षर बारीक होतं, काचेवर ट्यूबलाइट चमकायची. पण ह्या सगळ्या सबबी. खरं म्हणजे ज्याचं ते होतं त्या माणसाकडे बघून सर्टिफिकेट वाचायची गरजच वाटायची नाही. वर सरकारी मुद्रा, खाली कुणा साहेबाची सही, कोपऱ्यात मोठ्या कॉलरचा शर्ट घातलेल्या किडकिडीत तरुणाचा फोटो. बास झालं की! आमच्याकडे येणारी माणसं खुर्चीत बसायच्या आधी त्या फ्रेमकडे आदराने बघायची. एका आजींनी तर तिला हात जोडलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

डोंबिवली पूर्वेला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमच्या संस्थेचं मोफत समुपदेशन केंद्र आहे. दोन खोल्या, एक बाक, एक पाण्याचा पिंप आणि मी. मी सुलभा. कागदावर कार्यालयीन सहाय्यक, प्रत्यक्षात केर काढण्यापासून अध्यक्षांचं भाषण टाइप करण्यापर्यंत पडेल ते काम. तेव्हा आमच्याकडे समुपदेशक व्हायला दोनच गोष्टी पुरायच्या, रिकामा वेळ आणि पिकलेले केस. एक निवृत्त बँक मॅनेजर होते, ते समोरच्याला स्वतःचीच कहाणी ऐकवायचे. तो बिचारा त्यांची समजूत घालून घरी जायचा. तरी माणसं यायची, कारण दुसरं जाणार कुठे?

साळवे काका मात्र समुपदेशक व्हायला आलेच नव्हते. ते खाली पेपर वाचायला येत. राहायला कल्याणला, पण तिथल्या वाचनालयात म्हणे सगळे ओळखीचे, पेपर हातात धरू देत नाहीत. एका दुपारी वर एक गृहस्थ माझ्या टेबलावर हात आपटून ओरडत होता. तीनदा खेप घातली, तिन्ही वेळा आमचे ते बँक मॅनेजर गैरहजर. त्याचं काही चुकत नव्हतं, पण ओरडा मी का खायचा? इतक्यात जिन्यातून एक उंच, काळासावळा, दणकट माणूस आला. एका हातात घडी घातलेला पेपर, दुसऱ्या हातात भाजलेल्या शेंगांची पुडी.

"बसा," त्यांनी त्या गृहस्थाला सांगितलं. "ह्या जरा सोला."

"मी इथे शेंगा सोलायला आलेलो नाही!"

"ते खरं. पण सोला. मला दात नाहीत."

दात बत्तीसच्या बत्तीस होते, मला दिसत होते. तो माणूस मात्र गोंधळून सोलायला लागला. पाच मिनिटांनी बोलायला लागला. तासाभराने रडला, तोंड धुतलं आणि मला सॉरी म्हणून गेला. माझ्या टेबलाखाली टरफलांचा ढीग! काका म्हणाले, "हातांना काम दिलं ना ताई, की माणूस आपोआप सुरू होतो."

आमचे अध्यक्ष पेंडसे सर दारात उभे राहून हे बघत होते. निवृत्त इंजिनियर, मनाने चांगले, पण फुकटात मिळालेली गोष्ट न सोडणारे. त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "मंगळवार-शुक्रवार येता का?"

"साहेब, मी बॉयलरवाला. एकतीस वर्षं कोलशेतला, रंगाच्या कंपनीत. ह्यातलं मला काय कळत नाही."

"त्याने काही बिघडत नाही," पेंडसे सर म्हणाले.

पुढच्या मंगळवारी काका हातोडी, खिळा आणि ती फ्रेम घेऊन हजर. "बॉयलर हाऊसमध्ये सर्टिफिकेट भिंतीवर लागतं ताई. माणूस कशाला पास आहे ते आत येणाऱ्याला दिसलं पाहिजे." मला वाटलं, केला असेल एखादा कोर्स. निवृत्त झाल्यावर माणसं करतात ना, योगाचा, निसर्गोपचाराचा, तसा हा समुपदेशनाचा. फोटो तिशीच्या आतला होता तेही मला खटकलं नाही. आपल्याकडे सगळेच जुने फोटो लावतात, माझ्याही आधार कार्डावरची बाई आता मला ओळखणार नाही.

आणि काका तर प्रत्येकाला आधी सांगायचे, "मी बॉयलरवाला. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. चालेल?" लोक हसायचे. बाहेर येऊन मला म्हणायचे, काका भारी विनोदी आहेत हो.

त्यांची कामाची पद्धत म्हणजे अगदी कारखान्याची शिफ्ट. दहा मिनिटं आधी यायचं. पंखा, खिडकी, पाण्याचा जग तपासायचा. दारावर स्वतः रंगवलेली पाटी उलटी करायची, 'आत माणूस आहे.' आणि मग ती वही! लांबोडकी, पुठ्ठ्याची, रकाने आखलेली. त्यात नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. आला ८, गेला ५. आली ७, गेली ७. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "प्रेशर. आत आल्यावर खांदे बघायचे. कानाला टेकले असले की आठ." मी आरशासमोर उभं राहून स्वतःचे खांदे बघितले. साडेसहा तरी असतील.

सल्ला ते जवळजवळ देतच नसत. "आधी वाफ जाऊ दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सासू-सुना एकदम आल्या तर दोघींच्या मध्ये शेंगांची एकच ताटली ठेवायचे. रिक्षावाले, क्लासवाले, परीक्षेत आपटलेली पोरं, एकदा तर एक पोलीस हवालदार. त्याने निघताना काकांना सॅल्यूट मारला. काकांनी वहीत लिहिलं, आला ९, गेला ६.

स्वतःबद्दल मात्र अवाक्षर नाही. बायको गेलेली, मुलगा नागपूरला, एवढंच मला ठाऊक. एकदा मे महिन्यात कुणी आलं नव्हतं, आम्ही दोघंच चहा पीत होतो. मी विचारलं, "काका, सगळे तुमच्याजवळ बोलतात. तुम्ही कुणाजवळ बोलता?"

ते शेंग फोडत म्हणाले, "बॉयलरची वर्षातून एकदा तपासणी असते ताई. बंद करायचा, थंड करायचा, रिकामा करायचा. मग इन्स्पेक्टर बॅटरी घेऊन आत शिरतो."

"आणि नाही केली तपासणी तर?"

"तरी चालतो की. तीच तर भीती असते," असं म्हणून त्यांनी चहा संपवला आणि कप विसळायला गेले. मी विचारलं काय, मिळालं काय! पण ह्या माणसाला घोळात घेणं कुणालाच जमायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या वहीत अचानक एक तांबडी रेघ आली. आठच्या रकान्यापाशी, वरपासून खालपर्यंत, पट्टीने मारलेली. त्या महिन्यात काका शेंगा आणायला विसरत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "आठच्या वर गेलं की आपलं काम नाही. थेट डॉक्टर." मला वाटलं, वय झालं, हात आखडता घेतायत.

मग आली केतकी. ठाण्याची, अठ्ठावीस वर्षांची, मानसशास्त्रात एमए, वर एका रुग्णालयात वरिष्ठांच्या हाताखाली रीतसर काम केलेली. कारण असं की समुपदेशकांसाठी आता कायदा आला होता. नोंदणी लागणार, ठरावीक शिक्षण लागणार, उठला आणि समुपदेशक झाला असं चालणार नाही. नियम अजून पुरते लागू व्हायचे होते, पण देणगीदार विचारायला लागले, तुमच्याकडे शिकलेलं कोण आहे? पेंडसे सरांनी घाईघाईने जाहिरात दिली.

पहिल्याच दिवशी केतकी काकांच्या खोलीत गेली. मी टेबल पुसत होते. ती भिंतीसमोर उभी राहिली आणि तिने मोठ्याने वाचलं, "बॉयलर अटेंडंट. फर्स्ट क्लास."

माझ्या हातातलं फडकं पडलं. "काय?"

तिने परत वाचलं. तेच होतं. मी काकांकडे बघितलं. काका शांतपणे म्हणाले, "मग! मी काय सांगत होतो नऊ वर्षं?"

बाई गं! नऊ वर्षं, शेकडो माणसं, आणि सरकारमान्य बॉयलरच्या परवान्याला आम्ही नमस्कार करत होतो. केतकीला असं हसू फुटलं की ती खुर्चीत बसली, डोळे पुसले आणि मग तिचं लक्ष टेबलावरच्या वहीकडे गेलं. तिने ती आकड्यांची वही मागितली आणि घरी नेली. दुसऱ्या दिवशी आली ती सरळ काकांसमोर. "काका, माणसाकडे असं बघायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

"बॉयलरच्या गेजने. प्रेशरच्या काट्याने."

"मी तुमच्याकडून शिकणार आहे," ती म्हणाली. "पण ही खोली मी तुम्हाला देऊ शकत नाही. माझी झोप उडेल."

मला ती पोर त्या क्षणी अजिबात आवडली नाही. कालची आलेली! काकांना खोली म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं. ताप असला तरी मंगळवारी यायचे. त्या दोन वारांवर त्यांचा अख्खा आठवडा उभा होता. ती खोली गेली तर हा माणूस उरलेले दिवस काढणार कशावर?

पेंडसे सरांनी बैठक बोलावली. मी टिपणं घ्यायला. सर तयारीने आले होते. "मार्ग सापडलाय! कायद्याला समुपदेशक हा शब्द अडतो ना? आपण शब्दच काढू. साळवे आजपासून जीवनमार्गदर्शक."

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"नाही आवडलं? मनमित्र? सुखदुःख-सहकारी? लाइफ कोच तर मुंबईत गल्लोगल्ली आहेत, त्यांना कोण विचारतंय?"

"साहेब," काका म्हणाले, "बॉयलरला कुकर म्हटलं म्हणून तो फुटायचा थांबत नाय."

केतकी खाली बघून हसली. सर जरा दुखावले. "अहो, मी तुमच्यासाठीच बोलतोय. आणि तपासायला अजून कोण येतंय?"

"इन्स्पेक्टर यायच्या आधी दुरुस्ती करायची असते. तो आल्यावर करतात ती पळापळ." मग त्यांनी पिशवीतून वही काढली, मागची काही पानं उलटली आणि टेबलावर आमच्याकडे वळवून ठेवली. "हे बघा. शहाडची मुलगी. आठवते ताई?"

मला आठवत होती. विशीतली, पार्लरमध्ये कामाला. पहिल्यांदा आली तेव्हा मान वर करत नव्हती. सहा महिने येत होती. शेवटी शेवटी तर जिन्यातच तिचं हसू ऐकू यायचं. माझ्या गळ्यात पडायची, एकदा स्वतःच्या कानातले काढून मला देत होती.

"आली ९, गेली ८," काका बोट फिरवत वाचायला लागले. "मग सहा. मग चार. शेवटचे दोन महिने दोन, दोन, एक. मी खूश. मला वाटलेलं, पोरगी बरी झाली. झोप लागत नव्हती तिला, तीन-तीन दिवस. ती हसत सांगायची, काका, मला झोपेची गरजच नाही आता. मी पण हसलेलो. पगार वाटून टाकला, मी म्हटलं, दिलदार आहे. मग एक दिवस भर दुपारी ती बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीवर चढली. म्हणाली, मला उडता येतं. शेजारच्यांनी धरली म्हणून वाचली."

काकांचं बोट शेवटच्या एकावर थांबलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, आजार होता, औषधाने आटोक्यात येतो, सहा महिने आधी आणायला हवं होतं. सहा महिने ती कुठं होती? माझ्यासमोर, शेंगा सोलत." त्यांनी वही मिटली. "प्रेशर वर चाललेलं आणि मी वहीत खाली लिहीत होतो. तिचं सगळं ठीक झालं नंतर. कामाला जाते, पेढे घेऊन आलेली. मला तो पेढा गिळवेना साहेब. पहिल्या दिवशी मी म्हटलेलं, मला ह्यातलं काय कळत नाही. तुम्ही म्हणालात, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं."

पेंडसे सरांनी चष्मा काढून पुसला. मी टिपणात काय लिहिणार? नुसतीच पेन धरून बसले.

केतकी हळूच म्हणाली, "काका, ते ओळखायला आम्हालाही वर्षं लागतात."

"तेच तर म्हणतो. लागतात ना? मग लागू द्या." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "मला हे शिकायचं तर किती?" आधी बीए, मग एमए, मग देखरेखीखाली काम, तिने सांगितलं. काकांनी बोटं मोजली. "म्हणजे पंच्याहत्तरीला फर्स्ट क्लास. बघू. पण तोवर लोकांवर हात साफ करायचा नाय."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी जिन्यात भांडले, अगदी कडाकडा. एका मुलीचं चुकलं म्हणून बाकीच्या शेकडो माणसांचं काय? त्यांना कोण हवंय, तुम्ही की ती कोवळी पोर? काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, साडेआठ. वाफ जाऊ दे." आणि मला त्या रागातही हसू आलं, मेलं.

पुढच्या मंगळवारी त्यांनी फ्रेम उतरवली. केतकीला म्हणाले, "खिळा राहू दे, मजबूत आहे. तुमचं लावा." तिला संकोच वाटत होता, तिची सर्टिफिकेटं फाइलमध्ये असत. काकांनी ऐकलं नाही. स्वतः खाली जाऊन तिच्या एमएच्या सर्टिफिकेटला फ्रेम करून आणली आणि लावली.

आणि स्वतः कुठे गेले? बाहेर, बाकावर. केतकीने त्यांना रीतसर काम लावून दिलं. आलेल्याला पाणी द्यायचं, फॉर्म भरायला मदत करायची, सोबत आलेल्या नातेवाइकांजवळ बसायचं. काकांनी ते काम परवान्यासारखं पाळलं. फार कठीण होतं हो ते. जुनी माणसं यायची, बाकावरच त्यांचा हात धरायची, "काका, तुम्हाला सांगतो, घरी काल..." काका लगेच हात वर करायचे. "थांबा. हे आत सांगायचं. आत फर्स्ट क्लासवाल्या मॅडम आहेत. मी पाणीवाला." त्यांच्या चेहऱ्यावर ऐकायची इतकी इच्छा असायची की मला बघवायचं नाही. मग ते त्या माणसाला दारापर्यंत सोडायचे, पाटी उलटी करायचे आणि बाकावर येऊन एकटेच शेंगा सोलायचे. सोललेले दाणे ताटलीत भरून आत पाठवायचे.

केतकीबद्दलचा माझा राग कधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही. तिनेही वही घातली, तांबड्या रेघेसकट. आठवड्यातून एकदा ती स्वतः ठाण्याला तिच्या वरिष्ठांकडे जायची, आपल्या मनावर साचलेलं बोलायला आणि आपण कुठे चुकतोय ते तपासून घ्यायला. हे काकांना समजलं तेव्हा ते शेंगा सोलता सोलता थांबले. "म्हणजे इन्स्पेक्टरची पण तपासणी होते?" त्यांनी मला दोनदा विचारलं.

आता काका नागपूरला असतात, मुलाकडे. फोन येतो. तिकडे मुक्त विद्यापीठात बीएच्या पहिल्या वर्षाला नाव घातलंय आणि इंग्रजीच्या पेपराला शिव्या देतात. पण माझ्या डोळ्यांसमोर आहे तो जायच्या आधीचा एक शुक्रवार.

ते नेहमीपेक्षा उशिरा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस विंचरलेले. टेबलाशी उभे राहून म्हणाले, "ताई, एक फॉर्म द्या."

"कुणासाठी?"

"द्या तर."

बाकावर बसून त्यांनी तो भरला. मध्येच विचारलं, "व्यवसायात काय लिहू?" मी म्हटलं, "बॉयलरवाला लिहा, दुसरं काय." खालच्या, तक्रारीच्या रकान्यात मात्र ते बराच वेळ लिहीत होते. मग चार घड्या घालून फॉर्म माझ्याकडे दिला. फॉर्म वाचून आत द्यायचा ही माझी वर्षानुवर्षांची सवय. त्या दिवशी मी घडी उलगडली नाही, तशीच केतकीच्या हातात ठेवली. माझे डोळे भरले होते, तिला ते दिसलं असणार.

"या काका," ती म्हणाली.

ते आत गेले. सवयीने खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीकडे वळले, थबकले, आणि माघारी फिरून दुसऱ्या खुर्चीपाशी आले. पण बसले नाहीत. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, भिंतीजवळ गेले आणि केतकीचं सर्टिफिकेट वाचायला लागले. ओठ हलवत, एकेक इंग्रजी शब्द जुळवत, वरच्या मुद्रेपासून खालच्या सहीपर्यंत. त्या भिंतीवरचं सर्टिफिकेट बसायच्या आधी पूर्ण वाचणारा आमच्याकडचा तो पहिला माणूस.

वाचून झाल्यावर त्यांनी मान हलवली, खुर्ची पुढे ओढली आणि बसले. खांदे कानाला टेकले होते. केतकीने शेंगांची ताटली त्यांच्यासमोर सरकवली. त्यांनी एक शेंग उचलली. मी दार ओढून घेतलं आणि पाटी उलटी केली.